ब्रेक पॅड तुमचे, पण डिस्क कोणाची?

वाचकाचा प्रश्न

करवीर तालुक्यातील एका गावातून हे पत्र आले आहे. लिहिणाऱ्याचे वय २९, काम कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर, आणि जाऊन-येऊन रोजचा प्रवास पन्नास किलोमीटरचा. गेल्या दसऱ्याला त्यांनी कर्ज काढून १६० सीसीची नवी मोटारसायकल घेतली. मे महिन्याच्या अखेरीस, गाडीचे ९,४०० किलोमीटर झालेले असताना, सकाळच्या पाळीला जाताना गोकुळ शिरगावजवळ पुढच्या ब्रेकमधून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, ब्रेक नीट लागेना, आणि पुढे थांबलेल्या टेम्पोला धडकता धडकता ते वाचले. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरने पुढचे ब्रेक पॅड, डिस्क (चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी) आणि कॅलिपरचे (पॅड त्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) सील किट बदलले आणि ४,२६० रुपयांचे बिल हातात ठेवले. वॉरंटीबद्दल विचारल्यावर, ‘ब्रेक वॉरंटीत बसत नाही, शिवाय तुम्ही गाडी बाहेर धुऊन घेता,’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असल्यामुळे त्यांनी पैसे भरून गाडी आणली.

ते लिहितात, ‘एबीएस असूनही नव्या गाडीला आठ महिन्यांच्या आत ब्रेकसाठी सव्वाचार हजार मोजावे लागणे ही सरळ फसवणूक आहे. मार्चमध्ये तिसऱ्या सर्व्हिसिंगच्या वेळीच मी पुढून आवाज येतो असे सांगितले होते, तेव्हा “पाणी मारल्यामुळे आहे, जाईल,” म्हणाले. मित्र म्हणतात व्हिडिओ करून टाक, वडील म्हणतात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि आई म्हणते की सर्व्हिस ॲडव्हायझर आपल्याच तालमीतला पोरगा आहे, त्याच्याशी वाईटपणा नको. पैसे भरल्यामुळे माझा हक्क गेला का? पूर्ण बिल परत मिळवायला काय करू?’ सोबत त्यांनी या बिलाचे आणि मार्चमधील जॉब कार्ड व बिलाचे फोटो पाठवले आहेत. काढलेले जुने पार्ट एका पिशवीत घालून दिले होते आणि ती पिशवी गोठ्यात खुंटीला टांगलेली आहे, हेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे.

उत्तर

तुमचे पत्र वाचताना बिलाच्या आकड्यापेक्षा तो थांबलेला टेम्पोच अधिक वेळ डोळ्यांपुढे राहिला. त्यामुळे पैशांचे बोलण्यापूर्वी विचारतो: गाडीचा ब्रेक आता खात्रीने लागतो आहे का? गाडी उभी असताना पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबून धरून पाहा. तो घट्ट लागला पाहिजे. मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू मुठीकडे सरकत असेल, तर आत हवा राहिली आहे किंवा कुठेतरी गळती आहे, आणि अशी गाडी त्याच दिवशी परत दाखवली पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर फारसा ब्रेक न लावता तीन-चार किलोमीटर चालवून थांबल्यावर डिस्कजवळ हात न्या, पण डिस्कला हात लावू नका. तिथे झळ जाणवली, तर ब्रेक सुटल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहत आहेत असे समजावे. नवे पॅड नीट बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तोवर गगनबावड्याचा घाट उतरण्याची घाई करू नये. बिलाचा वाद चार महिने चालला तरी चालेल, ब्रेकचे मात्र तसे नाही.

आता तुमच्या पत्रातील पहिल्या गृहीतकाकडे येतो. नवी गाडी म्हणजे सर्व काही कंपनीच्या खर्चाने, असे तुम्ही धरून चालला आहात आणि शोरूममध्ये गाडी विकताना ‘इतक्या वर्षांची वॉरंटी’ हे शब्द ज्या थाटात उच्चारले जातात, ते पाहता यात तुमचा दोष नाही. परंतु वॉरंटी ही घडणीतल्या दोषाची हमी असते, झिजेची नव्हे. पायताण नवे घेतले तरी त्याचा तळ चालण्यानेच झिजतो. ब्रेक पॅडचे काम तर झिजणे हेच आहे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत वॉरंटीतून वगळलेल्या वस्तूंची यादी असते आणि तिच्यात ब्रेक पॅड, ब्रेक शू, केबल, बल्ब, रबरी भाग हे बहुधा असतातच. फ्री सर्व्हिसिंगमध्येही मजुरी तेवढी मोफत असते, ऑइलचे पैसे द्यावे लागतात, हे तुम्ही तीनदा अनुभवले आहे. रोज पन्नास किलोमीटर, त्यात हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली माती आणि दर दोन मिनिटांनी लागणारा ब्रेक, अशा वापरात पुढचे पॅड दहा हजारांच्या आत संपणे लवकरचे असले तरी अशक्य नाही. त्यामुळे बिलातील पॅडचे ४८० रुपये वॉरंटीत परत मिळतील, ही आशा सोडून द्यावी असे मला वाटते. तुम्ही ‘एबीएस असूनही’ असे लिहिले आहे, म्हणून हेही सांगतो की १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, पण ती यंत्रणा चाक लॉक होऊन घसरू नये एवढेच पाहते. संपलेल्या पॅडला ती पकड देऊ शकत नाही.

दुसरे गृहीतक फसवणुकीचे. हा शब्द मी एवढ्यात वापरणार नाही, आणि तुम्हीही वापरू नये. सभ्यतेपेक्षाही त्यात तुमचा फायदा आहे. फसवणूक म्हटले की समोरच्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. तुमच्या हातात त्याहून सोपी आणि भक्कम गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही ४,२६० या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला आहे. मी तुमच्या जागी असतो तर मार्चच्या बिलातील ४५ रुपयांच्या ओळीभोवती गोल केला असता. तिथे लिहिले आहे: ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’.

ही ओळ महत्त्वाची का, ते सांगतो. डिस्क ब्रेकमध्ये हँडलवरच्या छोट्या टाकीपासून कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल भरलेले असते. पॅड झिजत जातात तसतसे कॅलिपरमधील पिस्टन थोडे थोडे बाहेर येऊन राहतात, त्यांच्या मागे निर्माण झालेली जागा ऑइल भरून काढते आणि म्हणून टाकीतील पातळी उतरते. इंजिन ऑइल जसे जळते किंवा उडते, तसे ब्रेक ऑइल संपत नाही. पातळी उतरली असेल तर दोनच सरळ कारणे संभवतात: पॅड झिजले आहेत, किंवा कुठेतरी गळती आहे. म्हणून जाणकार मिस्त्री पातळी खाली दिसली की बाटली उघडण्याआधी वाकून पॅड पाहतो. तुमच्या गाडीत मार्चमध्ये ऑइल भरले गेले, म्हणजे पातळी उतरलेली कोणाला तरी दिसली होती. त्याच दिवशीच्या जॉब कार्डावर ‘पुढील बाजूस आवाज, चेक करणे’ अशी तुमची तक्रार लिहिलेली आहे. आणि त्याच कार्डाच्या खालच्या तपासणी तक्त्यात ब्रेकपुढे ‘ओके’ अशी खूण आहे. तक्रार आवाजाची, ऑइल उतरलेले, आणि शेरा ओके. या तीन गोष्टी एकाच दिवशीच्या कागदांवर एकत्र नांदणे कठीण आहे.

झीज ही तुमची बाजू, पण झीज वेळेवर न सांगणे ही त्यांची. मार्चमध्येच पॅड बदलले असते तर तेव्हा पॅडचे पैसे तुम्ही निमूटपणे दिले असते आणि गोष्ट तिथे संपली असती. ते न बदलल्यामुळे पॅडचे अस्तर पूर्ण संपले, मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासू लागली, डिस्कला चरे पडले आणि १,६५० रुपयांची डिस्क बदलावी लागली. तेव्हा ब्रेक वॉरंटीत बसतो की नाही यावर शोरूमशी वाद घालत बसू नका; तो त्यांचा घरचा आखाडा आहे. सर्व्हिसिंगमध्ये सांगितलेली तक्रार तपासली का, यावर बोला. ग्राहक संरक्षण कायद्यात ‘वस्तूतील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ हे दोन वेगळे आधार आहेत, आणि तुमचे प्रकरण दुसऱ्या आधाराचे अधिक आहे.

अर्थात समोरच्या बाजूलाही बोलण्यासारखे आहे आणि ते आधीच ऐकून ठेवलेले बरे. ते म्हणतील की मार्चमध्ये पॅड पातळ होते, पण संपलेले नव्हते. त्यानंतर गाडी तीनएक हजार किलोमीटर चालली. आवाज वाढत गेला असेल तर तुम्ही मधल्या काळात एकदाही का आला नाहीत? हा प्रश्न रास्त आहे. ‘तेच जाईल म्हणाले होते’ हे उत्तर पहिल्या महिन्यापुरते पुरेसे आहे, तिसऱ्या महिन्यात ते अपुरे पडते. मधल्या काळात तुम्ही फोन केला असेल, व्हॉट्सॲपवर विचारले असेल, तर ते संदेश शोधून काढा. काहीच केले नसेल तर तेही मान्य करण्याची तयारी ठेवा. पॅड पातळ झालेले दिसल्यावर ‘अजून दोन हजार किलोमीटर चालतील, मग बदला’ एवढे कार्डावर लिहिणे त्यांचे काम होते, हा तुमचा मुद्दा त्यामुळे कमी होत नाही.

आता त्या पिशवीविषयी. तुम्ही दिवसभर हातात जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन जॉब तपासता, आणि स्वतःच्या गाडीचे पॅड तीन आठवडे गोठ्यात टांगून ठेवता, हे वाचून मला थोडे हसू आले. आपल्या सगळ्यांचेच असे होते. पिशवी खाली काढा आणि दोन पॅड शेजारी ठेवून पाहा. दोन्ही सारखेच संपलेले असतील तर ती वापराची झीज आहे. पण एक पॅड लोखंडापर्यंत गेला आहे आणि दुसऱ्यावर दोन-तीन मिलिमीटर अस्तर शिल्लक आहे असे आढळले, तर चित्र बदलते. तुमच्या प्रकारच्या गाडीत कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. त्या पिना जाम झाल्या किंवा पिस्टन मागे येईनासा झाला, तर एकच बाजू घासत राहते. ती झीज तुमच्या बोटांनी केलेली नसते. आठ महिन्यांत पिन जाम होणे म्हणजे जोडणीतला दोष, किंवा सर्व्हिसिंगमध्ये पिना साफ करून ग्रीस न लावणे. तसे निघाले तर कंपनीकडे वॉरंटीचा दावाही उभा राहतो, आणि सील किटचे ३९० रुपयेही त्याच हिशेबात येतात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ती वाचा, जाडी मोजा, चऱ्यांसह फोटो काढा. फोटोत मोजमाप दिसू द्या. मग हे पार्ट उद्यमनगरातील एखाद्या जुन्या, भरवशाच्या मिस्त्रींना दाखवून त्यांचे म्हणणे चार ओळींत लिहून, सही-तारखेसह घ्या. मात्र गाडीवरचा कॅलिपर बाहेर उघडू देऊ नका, नाहीतर ‘बाहेर खोलली’ हे आणखी एक कारण त्यांना आयते मिळेल.

गाडी बाहेर धुण्याचा मुद्दा त्यांनी तोंडी फेकला आहे, पण तो तपासायला तुम्ही कचरू नये. रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरमध्ये धुऊन झाल्यावर चकाकी यावी म्हणून डिझेल किंवा ऑइलचा फवारा मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तो फवारा डिस्कवर गेला तर पॅड तेलकट होतात, आवाज करतात, ब्रेकची पकड जाते. तुम्ही तो मारून घेत होता का, हे मला सांगू नका, स्वतःला सांगा. तसे असेल तर तुमची बाजू थोडी हलकी होते. पण तेलकट पॅड घसरतात; अस्तर संपून लोखंड डिस्कला लागणे ही वेगळी गोष्ट आहे. आणि केवळ बाहेर पाणी मारले म्हणून वॉरंटी जाते असे ते म्हणत असतील, तर पुस्तिकेतील ते कलम दाखवा, आणि पाण्याचा आणि या बिघाडाचा संबंध लिहून द्या, असे शांतपणे म्हणता येते. तोंडी नकार देणे सोपे असते, सही करून नकार देताना माणूस दोनदा विचार करतो.

बिलातील कराची बाब मात्र थोडक्यात आटोपते. सुट्या भागांची बेरीज २,६१० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४६९ रुपये ८० पैसे लावले आहेत. मजुरीवर १८ टक्के कर लागतो, आणि सप्टेंबर २०२५ मधील बदलानंतर सुट्या भागांवरही तोच दर आहे. त्यात गैर नाही. परंतु पाकीटबंद पार्टवर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. पिशवीत नव्या पार्टची रिकामी पाकिटे असतील तर ती पाहा. पाकिटावर पॅडची किंमत ४८० छापली असेल आणि बिलात ४८० अधिक कर असेल, तर तुमच्याकडून छापील किमतीपेक्षा जास्त घेतले आहे, आणि ही रक्कम कोणताही वाद न घालता परत मागता येते. पाकिटावर ५६६ च्या आसपास आकडा असेल तर हिशेब बरोबर आहे, हा मुद्दा सोडून द्या. ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून करासह २९५ रुपये कशाचे लावले, हे मात्र विचारा, कारण ब्रेक ऑइलचे ९० रुपये वेगळे धरलेले आहेत.

पैसे भरल्यामुळे हक्क गेला का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कामावर जाण्यासाठी गाडी हवी होती म्हणून भरलेले पैसे म्हणजे बिल मान्य असल्याची कबुली ठरत नाही. उलट तुम्ही पैसे न भरता गाडी काढून आणण्याचा प्रयत्न केला नाही, हे चांगले झाले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार ज्याने वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च केले आहे, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क आहे. त्यामुळे काउंटरवर भांडून गाडी सुटत नाही, फक्त दिवस जातात. हे वाचणाऱ्या इतरांनी अशा वेळी एवढेच करावे: बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘बिलातील अमुक रकमेबाबत हरकत कायम ठेवून पैसे भरत आहे’ असे लिहून सही करावी. प्रतीवर लिहू देत नसतील तर यूपीआयने पैसे भरताना टिपणाच्या जागी ‘हरकतीसह’ एवढा शब्द टाकावा आणि घरी पोहोचताच तसा ईमेल पाठवावा. तुमची ती वेळ गेली असली तरी आज पाठवलेले पत्रही उशिराचे ठरणार नाही.

पत्र कोणाला आणि कसे? सर्व्हिस ॲडव्हायझरला नव्हे, तर सर्व्हिस सेंटरच्या वर्क्स मॅनेजरना, आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला ईमेलने, गाडीचा चॅसिस क्रमांक घालून. वॉरंटीचा निर्णय शेवटी कंपनीचा असतो. शोरूमने ‘बसत नाही’ म्हटले की तो अंतिम झाला असे नाही. पत्र एका पानाचे असावे आणि त्यात विशेषणे नसावीत. साधारण असे लिहा: ‘मार्चमधील तिसऱ्या सर्व्हिसिंगच्या वेळी मी पुढील बाजूच्या आवाजाची तक्रार नोंदवली होती. जॉब कार्डावर ती नोंद आहे, ब्रेक ऑइल टॉप-अप केल्याचे बिल आहे आणि ब्रेकपुढे ओके अशी खूण आहे. त्या दिवशी पॅडची जाडी मोजली होती का, असल्यास किती होती? मे महिन्यात पॅड पूर्ण संपून डिस्क खराब होण्याचे आणि सील किट बदलण्याचे कारण काय? वॉरंटी नाकारण्याचे कारण व संबंधित कलम कृपया लेखी कळवावे. पॅडच्या किमतीबाबत माझी हरकत नाही. डिस्क आणि सील किटची करासह सुमारे २,४०० रुपयांची रक्कम परत मिळावी.’ उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. पत्र हाताने दिलेत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

पूर्ण ४,२६० न मागता २,४०० मागा, असे मी सुचवतो आहे, हे तुम्हाला कदाचित माघार घेतल्यासारखे वाटेल. तसे नाही. जो खर्च आपला आहे तो आधीच बाजूला काढून ठेवणाऱ्या माणसाचे उरलेले म्हणणे ऐकले जाते. वर्क्स मॅनेजरच्या हातातही काही सवलत देण्याची मुभा असते, आणि पूर्ण बिल परत करणे म्हणजे आपण पूर्ण चुकलो असे लिहून देणे असल्यामुळे तो ते करणार नाही. डिस्कची रक्कम वळती करणे त्याला जमू शकते. रोख परत न देता ‘पुढच्या दोन सर्व्हिसिंगची मजुरी घेणार नाही’ असा प्रस्ताव आला तर तो घ्यावा का, हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर लेखी मिळत असेल तर घ्यावा, पण ब्रेक तपासताना स्वतः शेजारी उभे राहावे.

आईच्या काळजीला मी कमी लेखत नाही. कोल्हापुरात तालमीतली ओळख रक्ताच्या नात्याच्या एक पायरीच खाली असते आणि उद्या गणपतीच्या मिरवणुकीत त्याच पोराच्या खांद्याला खांदा लावून चालायचे आहे. पण विचार करा, तो मुलगा तुमचे बिल माफ करू शकत नाही, आणि तुमच्या गाडीचे पॅडही बहुधा त्याने पाहिलेले नाहीत. तो ग्राहकाचे ऐकून कार्ड लिहितो, खाली काम दुसराच करतो. उलट त्याने तुमची तक्रार कार्डावर प्रामाणिकपणे लिहिली, म्हणूनच आज तुमच्या हातात कागद आहे. त्याने ‘सांगतो मेकॅनिकला’ म्हणून सोडून दिले असते तर मी हे उत्तर इतक्या खात्रीने लिहू शकलो नसतो. तेव्हा पत्र देण्याच्या आदल्या दिवशी त्याला फोन करा आणि सरळ सांगा की तक्रार सर्व्हिस सेंटरच्या कामाबद्दल आहे, त्याच्याबद्दल नाही, आणि पत्रात त्याचे नाव घेतलेले नाही. पाठीमागून गेलेल्या पत्राचा राग येतो, आधी सांगून दिलेल्या पत्राचा तेवढा येत नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही किंवा टोलवाटोलवी झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे, ती आदेश देऊ शकत नाही. ती तक्रार कंपनीकडे पोहोचवते आणि उत्तर मागते. लहान रकमांच्या बाबतीत एवढा धक्काही पुष्कळदा पुरतो, कारण शोरूमला ग्राहकापेक्षा कंपनीकडून आलेल्या विचारणेची चिंता जास्त असते.

त्यापुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा, आणि इथे वडिलांच्या म्हणीशी मला थोडे भांडायचे आहे. ती म्हण दिवाणी दाव्यांत पिढ्या घालवलेल्या माणसांच्या अनुभवातून आली आहे आणि जमिनीच्या वादात ती आजही खरी ठरते. ग्राहक आयोग त्याच साच्यातला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी तुम्हाला कोल्हापूर सोडावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे तुम्हाला आज रात्रीच निर्णय घ्यायचा नाही. हे झाले एका बाजूचे. दुसऱ्या बाजूचे असे की निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणत असला, तरी प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि प्रत्येक तारखेला तुमची एक पाळी बुडते. पाळीचे दाम आणि २,४०० रुपये यांचा हिशेब मांडून पाहा. तक्रार केलीच तर गाडी बदलून द्या किंवा गाडीची किंमत परत द्या अशी मागणी जोडू नका. एका दुरुस्त झालेल्या ब्रेकसाठी तशी मागणी टिकणार नाही आणि तुमचे खरे म्हणणे तिच्याखाली दडपून जाईल. पक्षकारांची तयारी असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवू शकतो, आणि माझ्या मते एवढ्या रकमेला तीच योग्य जागा आहे. डिलिव्हरीचे काम करणाऱ्या ज्या तरुणांनी अशाच अडचणी पूर्वी कळवल्या होत्या, त्यांच्यासाठी एक खुलासा: स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेल्या गाडीचा मालक या कायद्यात ग्राहकच आहे, ‘गाडी धंद्याची आहे’ म्हणून कोणी परतवून लावत असेल तर मागे फिरू नये.

मित्रांनी सुचवलेल्या व्हिडिओबद्दल मी ठाम आहे: आता नको. पत्राला उत्तर येण्यापूर्वी व्हिडिओ टाकला तर बोलणी संपतात, शोरूम वकिलाकडे जाते, आणि रागाच्या भरात तोंडून गेलेला ‘चोर’ हा एक शब्द तुमच्याच अंगाशी येऊ शकतो. सगळे मार्ग करून झाल्यावर, कागद समोर ठेवून, घडले तेवढेच सांगणारे काही लिहावेसे वाटले तर तेव्हा लिहा.

एक काम मात्र तुमच्या २,४०० रुपयांपलीकडचे आहे. पॅड एकाच बाजूने झिजलेले निघाले, तर कारखान्यात आणि गावात त्याच मॉडेलच्या गाड्या चालवणाऱ्यांना विचारा. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम ११०-अ नुसार, वाहनातील दोष लोकांच्या जीवाला धोका ठरत असेल तर सरकार कंपनीला त्या गाड्या परत मागवायला लावू शकते, आणि त्यासाठी वाहनमालकांना परिवहन खात्याच्या पोर्टलवर दोषाची नोंद करता येते. तुमच्यासारखेच आणखी चार जण निघाले, तर ती नोंद शोरूमच्या बिलापेक्षा जास्त लोकांच्या उपयोगी पडेल. कोणी निघाले नाही, तर तुमच्या गाडीपुरता प्रश्न होता असे समजून पुढे जा.

पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी जॉब कार्डावर ‘पुढील व मागील पॅड किंवा शूची जाडी मोजून लिहावी’ एवढे वाक्य स्वतःच्या हाताने घाला. हँडलवरच्या टाकीला छोटी काच असते. दर पंधरवड्याला गाडी सरळ धरून तिच्यातील पातळी पाहा, आणि ती उतरत असेल तर ऑइल भरू न देता आधी पॅड दाखवायला सांगा. आणि ती पिशवी आजच गोठ्यातून घरात आणा. जून उजाडला आहे. पावसाची ओल लागून डिस्कवर गंज चढला, तर ते चरे मोजणे उद्यमनगरातल्या मिस्त्रींनाही जमणार नाही.